चार जिन्नस आणि एक माप

वेंगुर्ला, ३ डिसेंबर

चि. चिमणीस,


परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. नव्या घरी पहिल्यांदाच मित्रमंडळी येणार आहेत, त्यांना ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल करून पाजायचंय, धूर सोडायची बंदूक मागवून झालीय, आणि ‘मामा, आईला सांगू नकोस.’ बाकी सगळं मान्य, पण ही शेवटची अट नाही. हे पत्र ताईच्या हाती पडलं तरी चालेल अशाच बेताने लिहितोय. त्याला कारण आहे, ते ओघात येईल.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात व्हिस्कीला वयाची अट पंचवीस वर्षांची आहे. तू सत्तावीसची, म्हणजे तो प्रश्न मिटला. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे घरी बसून प्यायलाही परवाना लागतो. ‘परमिट रूम’ ही पाटी तू जन्मापासून बघतेस, ती त्याच परवान्याची. तो काढून घे. येणाऱ्यांत कुणी पंचविशीच्या आतलं असेल तर त्याच्यासाठी वेगळा ग्लास कर, कृती शेवटी देतो.

आता नावाची गोष्ट. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नावाच्या गावच्या वर्तमानपत्राने एका वाचकाला कॉकटेल म्हणजे काय ते समजावलं: कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. इतकंच. पुढे बारवाल्यांना हे साधेपण पुरेना. १८७० च्या दशकापर्यंत त्यात मारास्किनो आली, अ‍ॅबसिंथ आली, आणि अशा नटलेल्या पेयांना ‘इम्प्रूव्हड’, म्हणजे सुधारलेलं, असं बिरुद लागलं. तेव्हा काही जुनी गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन सांगू लागली, ‘सुधारणा तुमच्यापाशी ठेवा. मला आपलं जुन्या पद्धतीचंच द्या.’ आजीने पावभाजी बाजूला सारून ‘मला पिठलं-भात वाढ’ म्हणावं, तसं. त्या तक्रारीचंच पुढे नाव झालं. केंटकीतल्या लुईव्हिल गावचा पेंडेनिस क्लब म्हणतो की हे पेय आमच्याकडे जन्मलं. पण क्लबची स्थापना १८८१ ची, आणि शिकागोच्या वर्तमानपत्रात या नावाचा उल्लेख १८८० मध्येच सापडतो. १८९५ साली जॉर्ज कॅपलरने आपल्या पुस्तकात दिलेली कृती आजही चालते. तो तर ढवळायचा चमचाही ग्लासातच ठेवून द्यायला सांगतो.

म्हणजे जिन्नस चार. एकेक घेऊ.

व्हिस्की. अमेरिकेत यासाठी बर्बन किंवा राय घेतात. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. व्हॅनिला-कॅरमलसारखा गोडसर वास येतो तो त्या जळक्या लाकडातून. रायमध्ये तितकीच राय, म्हणून ती जरा तिखट. आपल्या दुकानात स्वस्तात मिळणारी बरीचशी ‘व्हिस्की’ उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर उभी असते. युरोपात ती व्हिस्की या नावाने विकता येत नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण या पेयात लपायला सोडाही नाही आणि कोलाही नाही. जे आहे ते उघडं पडतं. बर्बन महाग पडत असेल तर बंगळूरच्या नाहीतर गोव्याच्या सिंगल माल्टची छोटी बाटली घे. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी ग्लासगोला, थेट स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात नेऊन विकली. गोव्याची पॉल जॉन २०१२ ची. आपल्या उकाड्यात पिंपातली दारू स्कॉटलंडपेक्षा कितीतरी वेगाने उडून जाते, पण लाकडाची चवही तितक्याच लवकर उतरते.

साखर. साखर दारूत नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून मुळात पाण्याचा थेंब आला. खडा चुरत बसू नकोस, तळाशी रवा राहतो आणि शेवटचा घोट बासुंदीसारखा लागतो. पाव वाटी पाण्यात अर्धी वाटी साखर गरम करून विरघळव आणि गार कर. तार बघायची नाही, हा गुलाबजामचा पाक नव्हे.

बिटर्स. ही ती हातभर लेबलाची छोटी बाटली. लेबल बाटलीपेक्षा मोठं असतं, ते चुकीचं चिकटलंय म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस. योहान झीगर्ट नावाचा जर्मन डॉक्टर बोलिव्हारच्या सैन्यात शल्यवैद्य होता. व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी १८२४ मध्ये त्याने पोटाच्या दुखण्यांवर हे औषध तयार केलं. पुढे त्याच्या मुलांनी धंदा त्रिनिदादला नेला. पूर्ण कृती अजून गुपित आहे, पण त्यात जेन्शनचं कडू मूळ असतं. लहानपणी आजीने तुला नाक दाबून काडेचिराईताचा काढा पाजला होता, आठवतो? काडेचिराईत आणि जेन्शन एकाच कुळातली झाडं. झीगर्टसाहेबांची बाटली म्हणजे आजीचा काढाच, फक्त परदेशी जाऊन आलेला. बाटली उलटी करून मनगटाने एक हिसका दिला की पडतं तो एक डॅश, जेमतेम एक मिली. स्वयंपाकात मीठ कमी पडल्यासारखं वाटतं ना कधी, ते मिठाचं काम इथे बिटर्स करतात.

चौथं पाणी. याच्याकडे कुणी बघत नाही आणि निम्मे ग्लास इथेच बिघडतात. पाणी बाटलीतून घालायचं नसतं, ते बर्फातून येतं. तू फिजिक्सवाली, तुला पटेल. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेय गार होतं ते मुख्यतः या वितळण्यामुळे, नुसत्या बर्फाच्या सोबतीने नव्हे. म्हणजे गारवा हवा तर पाणी आलंच. मी एकदा कागदावर हिशेब मांडला: आपल्याकडच्या तीस अंशांच्या खोलीतली ६० मिली व्हिस्की शून्यापर्यंत आणायला जवळजवळ २० मिली पाणी पडतं. वीस अंशांच्या खोलीत बसलेल्या अमेरिकन माणसाला तेच काम १३-१४ मिलीत उरकतं. त्यातून तिकडचे बारवाले या पेयाला आवडीने ५० टक्क्यांची बर्बन घेतात. आपल्या नेहमीच्या बाटलीवर मात्र ४२.८ छापलेलं असतं. म्हणजे दारू मुळात हलकी आणि पाणी जास्त. त्यांची कृती बघून तू मिनिटभर ढवळत बसलीस की हाती सरबत येणार. यावर उपाय दोन. ग्लास आणि बाटली आधी फ्रीजमध्ये गार कर, आणि बर्फ मोठा घे. लहान तुकड्यांना अंग जास्त, म्हणून ते भराभर विरघळतात. सिंगल माल्ट ४६ टक्क्यांची असली तर तिला थोडं जास्त पाणी सोसतं.

मोठ्या बर्फासाठी साचा विकत घ्यायची गरज नाही, आमटीची वाटी घे. काचेसारखा पारदर्शक हवा असेल तर त्यालाही युक्ती आहे. कॅम्पर इंग्लिश नावाच्या अमेरिकन लेखकाने २००९ मध्ये ती लोकांसमोर मांडली: छोट्या आईसबॉक्समध्ये पाणी भर, झाकण काढून ठेव आणि तो तसाच फ्रीझरमध्ये ठेव. बाकी बाजूंनी ऊब राहते, त्यामुळे पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. तळाचा ढगाळ भाग कापून टाकायचा. बर्फाचं हे कौतुक नवं नाही. १८३३ मध्ये बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाज तळ्यातला १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी पोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. लवकरच तो बर्फ मुंबईलाही येऊ लागला आणि कोटात बर्फघर उभं राहिलं. तुझ्या फ्रीझरमधल्या वाटीसाठी एके काळी जहाज लागायचं, एवढं ध्यानात असू दे.

आता कृती. जाड बुडाच्या बुटक्या ग्लासात पाच मिली पाक घाल, म्हणजे औषधाचा छोटा चमचा. त्यावर बिटर्सचे दोन डॅश. मग मोजून ६० मिली व्हिस्की. चमच्याने एकजीव कर. वाटीतला बर्फ अलगद सोड आणि वीस सेकंद ढवळ. चमच्याची पाठ काचेला टेकलेली ठेवलीस तर आवाज होत नाही. मग बटाट्याच्या सालकाढणीने संत्र्याच्या सालीची दोन बोटं रुंद पट्टी काढ. पांढरा भाग येऊ देऊ नकोस, तो कडू असतो. केशरी बाजू ग्लासाकडे करून पट्टी दुमड. तेलाचा बारीक फवारा उडेल, उजेडात धरलास तर पृष्ठभागावर तवंग दिसेल. साल ग्लासाच्या काठावरून फिरव आणि आत सोड. संपलं. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, तिची पट्टी निघताना फाटते, पण वासाला तोड नाही. ती हातानेच सोलून तुकडा पिळ. लाल चेरी घालू नकोस. बेकरीत चेरी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा रंगवलेलं, पाकवलेलं करवंदच असतं. करवंदं खायची तर मे महिन्यात इकडे ये.

आता नवे प्रकार, ज्यांच्यासाठी तू फोन केला होतास. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. नंतरच्या पिढ्यांनी या ग्लासात संत्र्याच्या चकत्या आणि चेऱ्या कुटून, वर सोडा ओतून त्याची पार कोशिंबीर केली. विस्कॉन्सिन राज्यात तर अजून ते ब्रँडीचं करतात आणि लिंबाच्या चवीचा गोड सोडा घालून पितात. त्यांच्या गावी ते बरोबरच आहे. पण १९९९ च्या अखेरीस साशा पेट्रास्कीने न्यूयॉर्कमध्ये ‘मिल्क अँड हनी’ हा छोटासा बार उघडला आणि माप, बर्फ आणि स्वच्छ चव यांना पुन्हा मान मिळाला. नव्यातले चांगले प्रयोग त्या शिस्तीतून निघाले.

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेथ अँड कंपनी’ बारमध्ये फिल वॉर्डने व्हिस्कीच काढून टाकली. ४५ मिली टकीला, १५ मिली धुरकट मेस्काल, साखरेच्या जागी घायपाताचा पाक, बिटर्स तेच. नाव ओहाका ओल्ड फॅशन्ड. व्हिस्की नाही तर ओल्ड फॅशन्ड कसं, असं मला कुणी विचारलं की मी १८०६ ची व्याख्या पुढे करतो: कुठलीही कडक दारू.

त्याच सुमाराला, त्याच शहरात ‘पीडीटी’ बारमध्ये डॉन लीने बर्बनमध्ये बेकनची वितळलेली चरबी मुरवली, ती गोठवून गाळून टाकली आणि साखरेऐवजी मेपलचा पाक वापरला. चरबी गेली, वास राहिला. हे तू साजूक तुपावर कर. एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली बर्बन काचेच्या बरणीत घे, दोन छोटे चमचे वितळलेलं तूप घाल, हलव, चार तास बाहेर ठेव. मग फ्रीझरमध्ये. तुपाची कवडी वर जमली की भोक पाडून व्हिस्की ओतून घे आणि ओल्या मलमलीतून दोनदा गाळ. फ्रीजमध्ये ठेव, आठवडाभरात संपव. याला पाक गुळाचा. कोल्हापुरी गूळ तितक्याच पाण्यात विरघळवून गाळून घे आणि साडेसात मिली घाल, कारण हा पाक पातळ. बिटर्स तेच दोन डॅश. पहिल्या घोटाला पुरणपोळीची आठवण होते, दुसऱ्याला व्हिस्की पुढे येते.

धुराची बंदूक आणलीच आहेस तर वापर, पण ग्लासात धूर दहा सेकंदांवर ठेवू नकोस आणि धुरकट स्कॉचवर तर मुळीच सोडू नकोस. ग्लास दारूचा असेल आणि वास स्मशानाचा येईल.

या सगळ्यांत एक सूत्र दिसलं का? वॉर्डने दारू आणि गोडवा बदलला, बिटर्सला आणि मापाला हात लावला नाही. लीने व्हिस्कीला वास दिला आणि साखर बदलली, सांगाडा तोच. आपण घरी शिकताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आज नुसता गूळ. तो जमला की मग तूप. दोन्ही एकदम केलंस आणि बिघडलं, तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.

आणि आता ‘आईला सांगू नकोस’ विषयी.

आमच्या बाबांची, म्हणजे तुझ्या आजोबांची बाटली धोतरांच्या घडीमागे असायची. संध्याकाळी कपाट उघडल्याचा आवाज झाला की आई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची. बाबा स्टीलच्या पेल्यातून प्यायचे. लहानपणी वाटायचं, काच फुटेल म्हणून. फार उशिरा कळलं की स्टीलमधून आत किती आहे ते दिसत नाही. ‘दोन बोटंच घेतो’ म्हणायचे. कुठली बोटं, आडवी की उभी, हे कुणी विचारलं नाही. आम्ही त्यांना खोटारडे समजत राहिलो. त्यांचं यकृत ज्या वर्षी गेलं त्या वर्षी मी बारच्या कामाला लागलो.

कामाच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या वस्तादाने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, ‘जिगर न घेता दहा वेळा साठ ओत.’ जिगर म्हणजे दारू मोजायचं छोटं माप. मी ऐटीत ओतलं. त्याने एकेक ग्लास मोजनळीत रिकामा केला. सर्वांत कमी ५२, सर्वांत जास्त ७८. बरोबर साठ एकदाही नाही. सातव्या-आठव्या ओतण्याला हात सैल होत जातो हेही आकड्यांत दिसत होतं, आणि ते तर नुसतं पाणी होतं. त्या रात्री लोकलमध्ये बसून मला पहिल्यांदा वाटलं की बाबा खोटं बोलत नसावेत. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. लपवून पिणाऱ्याला घाई असते, आणि घाईत माप कोण घेणार?

म्हणून तुला सांगतो, ताईला कळू दे. ती भावाच्या धंद्यावर तीस वर्षं रुसली ती पेल्यामुळे. काचेच्या ग्लासातलं मोजलेलं तिने कधी पाहिलेलंच नाही. मी दारू चांगली आहे असं म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की निर्धोक असं प्रमाणच नाही. तुझ्या एका ग्लासातल्या ६० मिलीत शुद्ध अल्कोहोल सुमारे २० ग्रॅम. चवीला गोड आहे म्हणून ते कमी होत नाही. एकाला एक ग्लास. ज्याला दुसरा हवा त्याने अर्ध्या तासाने, जेवणाबरोबर, आणि तोही मोजून. गाडी चालवणाऱ्याला पहिलाही नाही.

त्याच्यासाठी, आणि न पिणाऱ्या प्रत्येकासाठी, कडक कोरा चहा गार करून ठेव. ९० मिली चहा, १० मिली गुळाचा पाक, मोठा बर्फ, वर संत्र्याची साल. बिटर्स मात्र घालू नकोस, त्यातच ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. ग्लास तोच बुटका. न पिणाऱ्याच्या हातात प्लास्टिकचा कप देणारा यजमान मला कधी आवडला नाही.

सोबत माझा जुना जिगर पाठवतोय. एका बाजूला ६०, दुसऱ्या बाजूला ३०. साठची बाजू थोडी चेपली आहे. मी मोजून पाहिलं, ५८ भरते. दोन मिलीसाठी नवा घेऊ नकोस.

पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी फोन कर. कसं झालं ते नको सांगूस, ते तुझ्या आवाजावरून कळेल. किती ग्लास केलेस ते विचारीन. आकडा लगेच सांगता आला, म्हणजे शिकलीस.

तुझा,
मामा

ता. क. आजोबांचा स्टीलचा पेला अजून माझ्याकडे आहे. हे लिहिताना उत्सुकता वाटली म्हणून त्यात दोन बोटं पाणी ओतून मोजनळीत घातलं. आडवी बोटं, माझीच. ११० मिली.